दिवसांचा हिशेब आणि नित्याची सेवा

(रुग्णालयाच्या स्थापनादिनी सकाळच्या उपासनेनंतर प्रशासकांनी केलेले भाषण)



स्थापनादिनी प्रशासकाने उभे राहून आकडे सांगावेत, अशी आपल्याकडची जुनी प्रथा आहे. वर्षभरात बाह्यरुग्ण किती आले, शस्त्रक्रिया किती झाल्या, धर्मादाय खात्यातून किती बिले माफ झाली, हे सर्व लेखापरीक्षकांच्या सहीनिशी या अहवालात दिलेले आहे. ते आपण सवडीने पाहालच. आज आम्ही त्या आकड्यांत न मावणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलणार आहोत, आणि त्यासाठी आपली थोडी वेळ घेणार आहोत.

देणगीदार आम्हांला अधूनमधून एक प्रश्न विचारतात. रुग्णांचे नातेवाईकही तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. प्रश्न असा की, हे रुग्णालय ख्रिस्ती आहे म्हणजे नेमके काय आहे? प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे येणारे बहुसंख्य रुग्ण हिंदू, बौद्ध आणि मुसलमान बांधव आहेत. उपचारापूर्वी आम्ही कोणाचा धर्म विचारत नाही आणि उपचाराच्या मोबदल्यात कोणाकडून श्रद्धेची अपेक्षा करीत नाही. प्रवेशद्वारावर क्रूस आहे, सकाळी प्रार्थना होते, नाताळात वॉर्डावॉर्डांतून गीते म्हटली जातात. परंतु सकाळची प्रार्थना अर्ध्या तासात आटोपते. मग उरलेल्या साडेतेवीस तासांत हे रुग्णालय ख्रिस्ती असते की नसते? आमच्या मते खरा प्रश्न हा आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यामुळे कोणताही विषय हिशेबाच्या वाटेने समजून घेण्याची आम्हांला सवय. पवित्र शास्त्रातील नव्वदावे स्तोत्र परंपरेने मोशेचे मानले जाते. त्यात माणसाच्या आयुष्याची मर्यादा सत्तर, फार तर ऐंशी वर्षे अशी सांगितली आहे, आणि आपले दिवस मोजण्याचे शहाणपण लाभावे अशी देवाजवळ मागणी केली आहे. सत्तर वर्षांचे दिवस मांडले तर ते साडेपंचवीस हजारांच्या आसपास भरतात. ऐकायला संख्या मोठी वाटते. पण त्यातील बालपण वजा करा, झोपेचे तास वजा करा, आजारपण वजा करा, म्हणजे हाती काय उरते ते लक्षात येईल.

हिशेबनीस ज्या वहीत रोजचे व्यवहार टिपतो तिला रोजकीर्द म्हणतात. तिचा पहिला नियम असा की, ज्या दिवसाची नोंद त्या दिवशीच झाली पाहिजे. पैशाच्या बाबतीत दिवसअखेरची शिल्लक दुसऱ्या दिवशी पुढे ओढता येते. दिवसाच्या बाबतीत ती सोय नाही. आज न वापरलेला तास उद्याच्या पानावर जमा होत नाही. प्रभू येशूने सांगितलेल्या दृष्टांतातील धनवान शेतकरी कोठारे वाढवून पुढील अनेक वर्षांची तजवीज करीत होता आणि त्याच रात्री त्याच्या जिवाची मागणी झाली. त्या माणसाच्या धान्याच्या हिशेबात चूक नव्हती. दिवसांचा हिशेब मात्र त्याने मांडलाच नव्हता.

आयुष्य थोडे आहे हे कळले की माणसाच्या मनात साहजिकच येते, आता काहीतरी मोठे करून दाखवावे. आपल्या श्रद्धेचे शिक्षण मात्र निराळ्या दिशेने नेते. लूकच्या शुभवर्तमानानुसार प्रभूने सेवाकार्याला आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. त्याचे जाहीर सेवाकार्य साधारणतः तीन वर्षांचे मानले जाते. त्याआधीची बहुतेक वर्षे नासरेथ या लहानशा गावात, सुताराच्या घरात गेली. त्या वर्षांविषयी शुभवर्तमानांत फारच थोडे लिहिलेले आहे. ज्याला इतके थोडे आयुष्य मिळणार होते, त्याच्या आयुष्याचा मोठा भाग रंधा, करवत आणि गिऱ्हाइकाने सांगितलेल्या कामात खर्ची पडला, आणि देवाने तो वाया गेला असे मानले नाही. पुढेही, अटक होण्याच्या आदल्या संध्याकाळी, वेळ अगदी थोडा उरला असताना, त्याने शिष्यांचे पाय धुतले. ते काम त्या काळी घरातल्या चाकराचे होते.

आता आपल्या रुग्णालयातील एका चाकरीच्या कामाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. जो रुग्ण स्वतः कूस बदलू शकत नाही त्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. तसे न केल्यास पाठ, माकडहाड, टाचा येथील कातडीवर सतत दाब राहतो, तेथील रक्तपुरवठा कमी होतो, कातडी प्रथम लाल होते, मग फुटते, आणि जखम हाडापर्यंत जाऊ शकते. शय्याव्रण एकदा खोल झाले की ते भरून येण्यास महिनोन्महिने लागतात. म्हणजे एका रुग्णासाठी हे काम दिवसरात्र मिळून बारा वेळा करावे लागते. तो रुग्ण तीन आठवडे राहिला तर २५२ वेळा. यातील एकाही वेळेची बातमी होत नाही. रात्री दोन वाजता झोपेतून उठून सिस्टर येतात, मावशींना हाक मारतात, दोघी मिळून चादर सारखी करतात, उशी टाचेखाली सरकवतात, तोंड ओल्या कापसाने पुसतात, नोंदवहीत वेळ लिहितात आणि पुढच्या खाटेकडे जातात. उत्तम झालेल्या कामाची खूण एवढीच की जखम झाली नाही. न झालेल्या जखमेबद्दल आभार कोण मानणार?

ज्या वॉर्डात हे काम सर्वांत अधिक असते, त्याविषयीच गेल्या वर्षी विश्वस्त मंडळापुढे एक प्रश्न आला होता. बरे न होणाऱ्या रुग्णांसाठी आपण काही खाटा राखून ठेवल्या आहेत. त्यांत मुख्यतः कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतील रुग्ण असतात. तेथे शस्त्रक्रिया नाहीत, तपासण्या थोड्या, राहणे दीर्घ, आणि बहुतेक कुटुंबे तोवर आर्थिकदृष्ट्या थकलेली. साहजिकच हा विभाग दरवर्षी तुटीत चालतो. या खाटा कमी करून त्या जागी उत्पन्न देणारा विभाग सुरू करावा आणि त्या उत्पन्नातून अधिक गरिबांना बरे करावे, अशी सूचना होती. सूचना करणाऱ्यांच्या मनात रुग्णांचे हितच होते, आणि हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नव्हते. प्रशासक या नात्याने ती तूट आम्ही दर महिन्याला पाहतो. ती काल्पनिक नाही. औषध पुरवठादाराचे बिल आणि कर्मचाऱ्यांचे पगार त्याच तिजोरीतून जातात.

या प्रश्नाचा विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे डॉ. सिसिली साँडर्स यांचे कार्य होते. १९१८ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या बाई दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिका झाल्या, पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करू लागल्या, आणि याच काळात त्यांना ख्रिस्ती श्रद्धेचा जिवंत अनुभव आला. १९४८ साली त्यांनी डेव्हिड टास्मा नावाच्या एका मरणासन्न रुग्णाची सोबत केली. पोलंडमधून आलेला हा ज्यू निर्वासित परक्या शहरात एकाकी होता. मृत्यूपूर्वी त्याने त्यांच्या भावी कार्यासाठी ५०० पौंड ठेवले आणि आपण त्या घराची एक खिडकी व्हावे अशी इच्छा व्यक्त केली. पुढे त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले, १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे राहिले. खिडकी आधी मिळाली आणि तिच्याभोवती घर उभे राहण्यास १९ वर्षे लागली. आपल्या लहान देणगीने काय होणार, असे ज्यांना वाटते त्या हितचिंतकांसाठी हा तपशील आम्ही मुद्दाम सांगत आहोत.

परंतु साँडर्सबाईंच्या कार्यातील आम्हांला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट याहून साधी आहे. त्या काळी अनेक रुग्णालयांत वेदना असह्य होऊन रुग्ण विव्हळू लागला की मग वेदनाशामक दिले जाई. औषधाची सवय लागेल अशी भीती असे. त्यामुळे रुग्णाला प्रत्येक वेळी वेदना भोगून औषध मिळवावे लागे. लंडनमधील सेंट ल्यूक्स या संस्थेत स्वयंसेविका म्हणून काम करताना साँडर्सबाईंनी पाहिले की, तेथे मॉर्फिन ठरावीक अंतराने, वेदना परत येण्यापूर्वीच, तोंडावाटे दिले जाते, आणि रुग्ण शांत असूनही भानावर असतात, बोलतात, घरच्यांना ओळखतात. पुढे डॉक्टर म्हणून त्यांनी हीच पद्धत काटेकोर नोंदींसह राबवली आणि जगापुढे मांडली. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, कुटुंबाची आणि आत्म्याचीही असते, हेही त्यांनीच आग्रहाने सांगितले.

या पद्धतीत नवे औषध काहीच नव्हते. नवे होते ते घड्याळ. ठरलेल्या वेळी, न मागता, न चुकता औषधाचा चमचा घेऊन येणारे कोणीतरी होते. म्हणजे ज्याला आपण कंटाळवाणा नित्यक्रम म्हणतो, तोच त्या रुग्णाच्या बाबतीत दयेचे रूप होऊन आला. ज्याच्याजवळ थोडेच दिवस उरले आहेत, त्याला चार तासांनी येणारी व्यक्ती साडेचार तासांनी आली तर त्या अर्ध्या तासाची किंमत किती, हे निरोगी माणसाला कळणे कठीण आहे. आयुष्याचे थोडेपण आणि नित्याचे काम या दोन गोष्टी येथे एकमेकींना भेटतात. दिवस थोडे आहेत, म्हणूनच रोजचे काम वेळेवर झाले पाहिजे.

आपल्या देशात या कार्याला १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे सुरू झालेल्या शांती आवेदना सदनापासून संस्थात्मक रूप आले. मात्र मॉर्फिनची उपलब्धता अनेक वर्षे अवघड राहिली. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे रुग्णालयांना अनेक परवाने काढावे लागत आणि ते सर्व एकाच वेळी वैध ठेवणे जिकिरीचे होई. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ही प्रक्रिया सुलभ केली. तरीही मॉर्फिनची प्रत्येक गोळी नोंदवावी लागते, साठ्याचा मेळ रोज घालावा लागतो, कपाट कुलूपबंद ठेवावे लागते. आमचे औषधनिर्माते ही नोंदवही ज्या निष्ठेने ठेवतात, ती निष्ठा आम्हांला प्रार्थनेहून वेगळी वाटत नाही. ती वही एक दिवस अपुरी राहिली तर उद्या कोणाच्या तरी वडिलांना औषध मिळणार नाही.

याच वॉर्डातील एक प्रसंग येथे सांगणे योग्य होईल. एका वृद्ध गृहस्थांचे शेवटचे दिवस चालू होते. त्यांच्या पत्नी शांतपणे उशाशी बसून असत. काही हवे का असे सिस्टरांनी विचारले तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, “यांनी जन्मभर एक दिवस दाढी चुकवली नाही हो. आता आठ दिवस झाले. तेवढं कुणी केलं तर बरं होईल.” वॉर्डातील मामांनी आपली ड्यूटी संपल्यावर गरम पाणी आणले, आपल्याच खिशातून नवे पाते आणले, आणि सावकाश दाढी केली. नंतर भिंतीवरचा आरसा काढून त्यांच्यासमोर धरला. गृहस्थांनी गालावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. मृतदेह नेताना त्यांच्या मुलाने आमच्या सर्व उपचारांपैकी एवढ्याच गोष्टीचा उल्लेख केला. आमच्या खर्चपत्रकात या कामाला रकाना नाही. ते मामा ख्रिस्ती नाहीत. परंतु शेवटल्या न्यायाविषयी प्रभूने जे सांगितले, त्यात आजाऱ्याच्या भेटीला आलेल्यांनी आपण प्रभूचीच सेवा केली हे ओळखलेले नव्हते, याची आम्हांला तेव्हा आठवण झाली.

येथे एक धोकाही सांगितला पाहिजे. नित्याचे काम हाताला वळण लावते, तसेच ते मन बधिरही करते. हजाराव्या वेळी कूस बदलताना समोर माणूस आहे हे विसरणे सोपे असते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे सेवक होते. पूर्वी ते सैनिक होते, युद्धात जखमी झालेले. मठात त्यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, आणि उतारवयात वहाणा दुरुस्त करण्याचे काम. स्वयंपाकाची त्यांना मुळात आवड नव्हती. तरी भांड्यांच्या खडखडाटातही देव जवळच आहे, असे मानून ते काम करीत राहिले, आणि १६९१ साली त्यांच्या निधनानंतर त्यांची संभाषणे व पत्रे पुस्तकरूपाने जगभर गेली. कामाची आवड असणे ही त्यांची अट नव्हती. ज्याच्यासाठी काम करायचे त्याचे स्मरण ठेवणे एवढीच अट होती. थकलेल्या कर्मचाऱ्यांना या गोष्टीत मोठा दिलासा आहे.

मात्र सेवाभावाच्या नावाखाली सेवा करणाऱ्यांचा भार वाढवणे हे ख्रिस्ती कृत्य होणार नाही. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी चुकती करावी, असा दंडक मोशेच्या नियमशास्त्रात आहे. म्हणून मावशी, मामा, सफाई कामगार आणि धुलाई विभाग यांचे पगार ठरलेल्या तारखेस होणे, रात्रपाळीला पुरेशी माणसे असणे, हातमोजे आणि साबण कमी न पडणे, हेही आमच्या मते उपासनेचेच भाग आहेत.

देणगीदार बंधू-भगिनींना आमची एक नम्र विनंती येथूनच निघते. आपण दिलेल्या यंत्रांनी आणि इमारतींनी असंख्य रुग्णांना जीवदान मिळाले आहे आणि त्यांवरील नामफलक आम्ही कृतज्ञतेने जपतो. परंतु चादर, साबण, जनित्राचे डिझेल, रात्रीच्या सिस्टरांचे वेतन यांवर नामफलक लावता येत नाही, आणि म्हणून त्यांसाठी देणगी सहसा येत नाही. आपल्यापैकी काहींनी नित्य खर्चासाठी देणगी दिली तर ती कोठेही दिसणार नाही. ती फक्त एखाद्याच्या पाठीवर न झालेल्या जखमेत असेल.

महाराष्ट्रातील आपणां सर्वांपुढे पंडिता रमाबाईंचे उदाहरण आहेच. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो स्त्रियांना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला, हे सर्वश्रुत आहे. त्या धकाधकीतच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे चालू ठेवले. आश्रमातील स्त्रियाच छापखान्यात खिळे जुळवीत. जुलै १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा वयाच्या चाळिसाव्या वर्षी निवर्तली. जिच्या हाती सारे सोपवायचे तीच आधी गेली. प्रकृती खालावलेली असतानाही रमाबाईंनी भाषांतराचे काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. त्या काही महिन्यांत त्यांनी वेगळे असे काय केले? आदल्या दिवशी जे पान राहिले होते ते दुसऱ्या दिवशी पुढे घेतले. दुःख बाजूला ठेवता येत नव्हते, ते सोबत घेऊनच त्या मेजाशी बसल्या.

विश्वस्त मंडळाने सर्व बाजूंनी विचार करून त्या खाटा कायम ठेवण्याचा निर्णय घेतला, हे आपणांस सांगताना आम्हांला समाधान वाटते. तूट राहील. ती भरून काढण्याचा प्रयत्न दरवर्षी नव्याने करावा लागेल, आणि तोही आमच्या नित्यक्रमाचाच भाग होईल.

रुग्णांच्या नातेवाइकांना शेवटी दोन शब्द. आपण दिवसभर उशाशी बसून असता आणि वाटते की आपण काहीच करू शकत नाही. पेज भरवणे, पाय दाबणे, पंखा हळू करणे, गावाकडची खबर सांगणे, ही कामे क्षुल्लक नाहीत. डॉक्टरांचे उपाय जेथे थांबतात तेथेही ती चालू राहू शकतात. दिवस किती उरले आहेत हे आपल्या हाती नाही. आजचा दिवस आहे, आणि आज संध्याकाळी सहाला औषध द्यायचे आहे.

आज दुपारी कार्यक्रमानंतर भोजनाची व्यवस्था आहे. दोनच्या पाळीचे कर्मचारी आधी जेवून घेतील, म्हणजे वॉर्डातील बदली वेळेवर होईल, याची कृपया सर्वांनी नोंद घ्यावी.  प्रभू आपणां सर्वांस आरोग्य आणि शांती देवो.